आठवं गाणं

यू-टू या आयरिश रॉक बँडच्या चाहत्यांमध्ये भांडण लावायचं असेल तर त्यांचं 'पीस ऑन अर्थ' हे गाणं चांगलं की वाईट एवढंच विचारावं आणि आपण चहा ठेवायला आत निघून जावं. आधण येईपर्यंत बाहेर आवाज चढलेले असतात. मी त्या गाण्याच्या बाजूची. पण त्याच्या बाजूने बोलणारे लोक काही वेळा असं काही बोलतात की विरोधकांत जाऊन बसावंसं वाटतं.

खानदेशात बसून डब्लिनच्या बँडवरून भांडणारी माणसं कोण, असं कुणी विचारेल. नव्वदच्या दशकात केबल आली, एमटीव्ही आणि चॅनल व्ही आले, आणि 'काय ठणाणा लावलाय रे' हे ज्यांना घरोघरी ऐकून घ्यावं लागलं त्यांतले आम्ही. भुसावळ तर जंक्शनच. मुंबईहून कुणी ना कुणी रोज येणार, आणि सांगून ठेवलं की कॅसेट आणणार. आमच्या कॉलेजच्या कंपूतला एक जण आज रेल्वेत लोको पायलट आहे, मालगाड्या चालवतो. एक मैत्रीण चोपड्याला वकिली करते. माझा धाकटा भाऊ आमच्या कॅसेटी ऐकत वाढला आणि आता आम्हालाच शिकवतो. मी अमळनेरला शाळेत आहे. आमच्या भेटी लग्नाकार्यात होतात, नाहीतर थंडीत कुणाच्या तरी शेतात भरताच्या जेवणाला.

ते गाणं ज्यात आहे तो 'ऑल दॅट यू कान्ट लीव्ह बिहाइंड' हा अल्बम ३० ऑक्टोबर २०००ला आला. एकूण अकरा गाणी. पहिलंच 'ब्यूटिफुल डे', जे तेव्हा दिवसातून दहादा टीव्हीवर लागायचं. सातवं 'वाइल्ड हनी', उन्हात सायकल हाणल्यासारखं हलकंफुलकं. ते संपतं आणि काहीही पूर्वसूचना न देता आठवं सुरू होतं. संथ चाल, दमलेला आवाज, आणि शेवटपर्यंत कुठेही ते उसळी मारत नाही. या बँडचं गाणं म्हटलं की गिटार हळूहळू चढत जाते, ढोल धरतात आणि मग सगळं स्टेडियम एका आवाजात गायला लागतं, ही सवय कानाला झालेली. इथे आपण वाट बघत राहतो. पावणेपाच मिनिटांनी गाणं संपतं तेव्हाही आपण वाटच बघत असतो.

लोको पायलट मित्राने तेव्हाच निकाल देऊन टाकला होता, "काय रडून राह्यला भो हा माणूस!" वाइल्ड हनी संपलं की तो कॅसेट अंदाजाने पुढे पळवायचा. अंदाज चुकला की थेट नवव्या गाण्याच्या मधोमध जाऊन पडायचा, पण ते त्याला चालायचं. आठवं ऐकायचं नाही म्हणजे नाही. त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखंही नाही. याच बँडने १९८३मध्ये 'संडे ब्लडी संडे' केलं होतं. तेही आयर्लंडमधल्या रक्तपाताचंच, पण त्यात लॅरी म्युलनचा लष्करी चालीचा ढोल आहे, गायक बोनोच्या हातात पांढरा झेंडा आहे, ऐकणाऱ्याच्या मुठी वळतात. १९८७च्या ८ नोव्हेंबरला उत्तर आयर्लंडमध्ये एनिस्किलनला बॉम्ब फुटला, त्याच रात्री डेन्व्हरमध्ये हेच गाणं गाताना बोनो मध्येच थांबून संतापाने जे बोलला ते पाहून अजूनही अंगावर काटा येतो. मित्र म्हणतो, राग असा पाहिजे. आठव्या गाण्यात राग नाही, नुसतं कण्हणं आहे.

मला वाटतं राग आहे. कुणावर आहे एवढंच त्याला दिसलेलं नाही.

१९९८ साल आठवा. १० एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, उत्तर आयर्लंडचा करार झाला. कॅथलिक-प्रोटेस्टंटांच्या तीस वर्षांच्या मारामाऱ्यांनंतर कागदावर सह्या. १९ मे रोजी बेलफास्टच्या वॉटरफ्रंट हॉलमध्ये यू-टूचा कार्यक्रम होता. बोनोने जॉन ह्यूम आणि डेव्हिड ट्रिंबल या दोन विरुद्ध टोकांच्या पुढाऱ्यांना स्टेजवर आणलं आणि दोघांचे हात धरून उंच केले. त्यानंतर तीन दिवसांनी सार्वमत झालं, उत्तर आयर्लंडमधल्या ७१ टक्के मतदारांनी कराराला होकार दिला. वर्ष संपता संपता त्या दोघांना शांततेचं नोबेलही मिळालं. म्हणजे बोनोने हे नुसतं टीव्हीवर पाहिलेलं नव्हतं. तो त्या आनंदाच्या मधोमध उभा होता, हात वर करून.

आणि मग १५ ऑगस्ट. आपल्याकडे झेंडावंदन होऊन पोरं जिलबी खाऊन घरी गेलेली. तिकडे उत्तर आयर्लंडमधल्या ओमाघमध्ये शनिवार दुपार, बाजाराची गर्दी. हे गाव वीसेक हजार वस्तीचं, आमच्या अमळनेरहून पुष्कळच लहान. सप्टेंबरात शाळा सुरू व्हायच्या, म्हणून आया पोरांना घेऊन गणवेश घ्यायला आलेल्या. आमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात दुकानांत जी झुंबड उडते तीच. करार मान्य नसलेल्या रिअल आयआरए नावाच्या फुटीर गटाने तिथे बॉम्ब भरलेली मोटार उभी केली होती. फोनवरून इशारे आले, पण ते कोर्टाच्या इमारतीकडे बोट दाखवणारे. पोलिसांनी लोकांना कोर्टापासून लांब न्यायचं म्हणून मार्केट स्ट्रीटकडे वळवलं, आणि मोटार नेमकी तिथेच होती. तीन वाजून दहा मिनिटांच्या सुमारास स्फोट झाला. २९ माणसं गेली. त्यांत जुळ्यांची गरोदर असलेली एक बाई होती, लहान मुलं होती, सहलीला आलेले स्पॅनिश पाहुणे होते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही होते. बॉम्बला कुठे कळतं.

आठवं गाणं या स्फोटावरचं. हे माहीत झाल्यावर ते फिरून ऐकलं की ते शांततेची मागणी करणारं वाटेनासं होतं. त्यातला माणूस 'शांतता येईल, येईल' हे ऐकून ऐकून विटलेला आहे. दर नाताळला तेच भजन, तेच शब्द, आणि तो येशूलाच विचारतोय की या शब्दांची किंमत काय. राग आहे तो इथे, शांततेच्या शब्दांवर. स्वतःच्याही. कारण तीनच महिन्यांपूर्वी तो स्वतः तेच बोलत होता.

गाण्यात एक बारीक जागा आहे, ती भावाने दाखवली म्हणून कळली. सीमस हीनी हा आयरिश कवी, १९९५चा नोबेलवाला. त्याने १९९०मध्ये एका ग्रीक नाटकाचं रूपांतर केलं, त्यात एक ओळ अशा अर्थाची आहे की जन्मात कधीतरी न्यायाची लाट उसळते आणि आशा व इतिहास यांचं यमक जुळून येतं. पुढाऱ्यांना ती ओळ इतकी आवडली की क्लिंटनपासून सगळ्यांनी भाषणात वापरली. बोनो तीच ओळ घेतो आणि म्हणतो, नाही जुळत. एवढंच. ना स्पष्टीकरण, ना पुढे 'पण एक दिवस'. आपल्याकडे एखाद्याने पसायदानाचा शेवट गाताना मध्येच थांबून 'हे झालंच नाही' म्हणावं, तर सभागृहाचं काय होईल? लोक उठून जातील. म्हणून काही चाहते उठून गेले, यात नवल नाही.

खरी कडाक्याची वादावादी मात्र नावांवरून होते. गाण्यात एका ठिकाणी रेडिओवर मेलेल्यांची नावं वाचली जात असल्याचा उल्लेख येतो, आणि मग त्यांतली पाच नावं येतात. नुसती पहिली नावं, आडनावं नाहीत. मागच्या हिवाळ्यात यावलकडच्या एका शेतात आमचं यावर जुंपलं होतं. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी टाकलेली, हिरवी पांढुरकी, हातभर. साल काळी होऊन तडकली की आतून वाफेचा फुस्स आवाज येतो, तो ऐकून वांगं परतायचं. वकीलबाई हिरव्या मिरच्या भाजता भाजता म्हणाल्या, "त्या आईला कुणी विचारलं होतं का? तिच्या पोराचं नाव जगभर विकलं जाणार, कॅसेटवर, सीडीवर, तिकिटावर. तिची परवानगी?"

कुणी काही बोलेना. मग लोको पायलट म्हणाला, "मी तर तेच म्हणतो, लावूच नका."

"तू ते म्हणत नाहीस. तुला कंटाळा येतो म्हणून नको आहे. मला ते चांगलं वाटतं म्हणून नको आहे. इतकं चांगलं की उद्या कुणी ते ऐकून रडेल, आणि रडून झालं की त्याला वाटेल आपण काहीतरी केलं."

हे तिचं बोलणं मला अजून पुरतं परतवता आलेलं नाही. भाऊ म्हणाला, नावं काढली तर गाण्यात उरतं काय, विचार. आणि विचारासाठीच तर माणसं मारली गेली. कुठल्याही मोठ्या विचारापेक्षा ही माणसं मोठी होती, असं ते गाणंच सांगतं. हेही खरं. तोवर वांगी जळायला लागली होती, म्हणून तो विषय तिथेच राहिला. भरीत मात्र झकास झालं. बामणोदच्या वांग्यांना खरंच तोड नाही. लाकडी भांड्यात ठेचून वर कांद्याची पात आणि शेंगदाणे पडले की जगातले सगळे मतभेद तासभर तहकूब.

माझं उत्तर मला नंतर सुचलं, ते असं. पारोळा तालुक्यात माझ्या मावशीचं गाव. तिथे कुणी गेलं की नातलग बाया बाहेरगावाहून येतात. एसटीतून उतरेपर्यंत अगदी साध्या बोलत असतात, तिकिटाचं, पावसाचं, कुणाच्या बाळंतपणाचं. गल्लीच्या तोंडाशी आल्या की पदर डोक्यावर ओढतात, आणि पहिली बाई हेल काढते. ते रडणं सुरात असतं. गेलेल्याचं नातं घेऊन, नाव घेऊन. "माले कोना भरोसे सोडी ग्या रे मन्हा भाऊ!" मग त्याने काय काय केलं ते एकेक ओळीत येतं: बैलजोडी कुठून आणली होती, आखाजीला न्यायला कसा यायचा, कुठल्या लग्नात काय म्हणाला. आतल्या बाया तो हेल उचलतात. दारातली आणि आतली, दोन्हींचे गळे एकमेकींना धरतात. त्यात देवाला बोल लावतात, गेलेल्यालाही लावतात. त्यात समजूत नसते. 'आता सगळं ठीक होईल' असं त्या घरात कुणी म्हणालं तर त्याला बायाच बाहेर काढतील. बऱ्याच वेळाने एखादी म्हातारी उठते, तांब्या पुढे करते, "बस वं माय, आते पानी पे." मग थांबतात. शेजारच्या घरून कडू घास आलेला असतो.

परवानगी कुणी घेत नाही तिथे. नाव घेणं हाच तिथे येण्याचा अर्थ आहे. मला ते आठवं गाणं या हेलासारखं ऐकू येतं, आणि म्हणून त्यात चढत जाणारी गिटार नाही हे बरोबर वाटतं. वकीलबाईंना मी हे फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण मावशीच्या गावातली बाई तिकीट लावत नाही." हेही आहेच. तिकीट तर आम्हीही काढलं होतं, त्याकडे येते.

त्याआधी शांततेच्या शब्दांचा जो वीट गाण्यात आहे, त्याबद्दल. हे कळायला आयर्लंडला जावं लागत नाही. गणपती-मोहरम, दिवाळी-ईद जवळ आली की प्रत्येक पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेला सोफा, एक माइक जो सुरुवातीला किंचाळतो. साहेब बोलतात, नगरसेवक बोलतात, दोन्हीकडचे ज्येष्ठ बोलतात. सगळे जण आपलं शहर शांतताप्रिय असल्याचं सांगतात. दहा वर्षांपूर्वी कोण काय बोललं होतं ते सगळ्यांना पाठ असतं, आणि कुणी उच्चारत नाही. चहा, बिस्कीट, फोटो. दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट. मी शाळेच्या वतीने अशा बैठकीला गेले आहे आणि हे सगळं निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. फोन नंबर एकमेकांकडे असणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते. पण त्या भाषणांनी मन जे बधिर होतं, ते गाण्यात आहे.

धुळ्यात ६ जानेवारी २०१३ला एका हॉटेलात बिलाच्या पैशांवरून बाचाबाची झाली. तिची दंगल झाली, पोलिसांनी गोळीबार केला, सहा जण मेले. बिलावरून. त्यानंतर कितीतरी दिवस पेपरात 'तणावपूर्ण शांतता' हे नेहमीचं शीर्षक होतं. तेव्हा माझा भाऊ धुळ्यालाच होता, संचारबंदीत खोलीवर अडकलेला. तो सांगतो की त्या दिवसांत त्याने ते गाणं लावून पाहिलं आणि दीड मिनिटात बंद केलं. तो त्या गाण्याचा सगळ्यात कट्टर वकील! मी विचारलं का, तर म्हणाला, "बाहेर तेच चालू असताना आत कशाला." तेव्हापासून तो त्यावर जरा कमी भांडतो.

अमळनेरच्या माणसाला या विषयावर साने गुरुजी टाळून पुढे जाता येत नाही. १९२४ ते १९३० ते इथे हायस्कुलात शिक्षक होते. १९३०मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात पडले. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, ते उतरून घेणारे गुरुजीच. 'खरा तो एकची धर्म, जगाला प्रेम अर्पावे' ही त्यांची प्रार्थना महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत रोज होते. आमच्याही. मी समोर उभी राहून ऐकते: पोरं ती भरभर म्हणतात, श्वास न घेता. एका डोळ्याने मागून कोण चिमटा काढतंय ते बघतात. चाल आनंदी आहे, पाय हलतात. ती गुरुजींच्या विश्वासातून आलेली आहे यात मला शंका नाही.

याच गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७मध्ये प्राण पणाला लावून उपोषण केलं. गांधींच्या खुनानंतर पुन्हा २१ दिवस उपाशी राहिले. आणि ११ जून १९५०ला त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. त्यामागे काय होतं यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी त्यात भर घालणार नाही. पण शाळेत आम्ही गुरुजी शिकवतो ते 'आई, चिंध्या, श्यामचे पाय मळू नयेत' इथवर. त्यांच्या शेवटच्या वर्षांत त्यांना काय खात होतं तिथे धडा पोचत नाही. शांततेचं आनंदी गाणं आपण ठेवून घेतलं, रोजच्या वापराला. त्या माणसाची निराशा ठेवून घेतली नाही, कारण तिला चाल नाही आणि ती सकाळी साडेसातला पोरांकडून म्हणवून घेता येत नाही. बरोबरच आहे, घेऊही नये. पण मोठ्यांसाठी ती कुठेतरी असावी. आयरिश लोकांकडे ती एका अल्बमवर आठव्या नंबरला आहे.

या निराशेचं काय करावं हे बँडलाही नीट कळलं होतं असं नाही. ११ सप्टेंबर २००१नंतर ते अमेरिकेत दौऱ्यावर होते, तेव्हा हे गाणं ते अगदी शेवटाकडे घेत आणि त्यालाच जोडून 'वॉक ऑन'. म्हणजे आधी कण्हणं, मग लगेच 'चालत राहा'. लोकांना ते फार भावलं. त्या दिवसांत अमेरिकेला दोन्ही हवं होतं. माझ्या भावाच्या मते ही जोडी हेच त्या गाण्याचं सर्वोत्तम रूप. मला ते पटत नाही. रडणाऱ्या बाईच्या हातात ताबडतोब तांब्या देण्यासारखं आहे ते. म्हातारी वेळ बघून उठते, हे तिचं सगळं कसब.

१५ डिसेंबर २०१९ला बँड पहिल्यांदा भारतात आला, नवी मुंबईत, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. आम्ही चौघेही गेलो होतो, लोको पायलटने ड्यूटी बदलून घेतली होती. आठवं गाणं होणार नाही हे माहीतच होतं. तो 'जोशुआ ट्री'चा दौरा होता. शांतता मात्र होती, भरपूर. ए. आर. रहमान स्टेजवर आला आणि त्यांनी मिळून केलेलं 'अहिंसा' झालं. सुरुवातीला तमिळ ओळी, मग बोनो. सुरेख होतं, आणि मी गांधींच्या देशात बसून थोडी अवघडले. माझ्या शेजारी वकीलबाई डोळे पुसत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाल्या, "यात कुणाचं नाव नाही. यावर मी रडू शकते."

परतीच्या गाडीत जागा नव्हती, कल्याणपर्यंत आम्ही डब्याच्या दाराशी उभे होतो आणि लोको पायलट गाडी कुठे किती मिनिटं लेट आहे याचं धावतं वर्णन करत होता. त्यालाही मी छेडलं की, बाबा, एवढा खर्च करून आलास, सांग तरी, तुझ्या मते शांततेचं चांगलं गाणं कसं असावं. तो म्हणाला, "रात्री मालगाडी चालवताना झोप येऊ नाही देत, ते."

त्याच्याकडे आता कार आहे. जळगाव-धुळे रस्त्यावर आम्ही असलो की गाणी मी लावते, आणि सातवं संपायच्या आधी त्याचा हात स्क्रीनकडे जातो. मी तो हात झटकते. एरंडोलपर्यंत भांडण चालतं. अलीकडे त्याने तोड काढली आहे: हायवेवर नाही, पण टोलनाक्यावर रांग असेल तर लावायचं. फास्टॅग आल्यापासून रांगच नसते, हे त्याला चांगलं माहीत आहे.